समुद्र न पाहिलेली डोलकाठी

मी डोलकाठी बोलतेय. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे लगेच लाटा आणि गलबतं येतील, म्हणून आधीच सांगून टाकते, मी समुद्र पाहिलेला नाही. डोलकाठी म्हणून माझं उभं आयुष्य तंजावूरहून तिरुवैयारूला जाणाऱ्या रस्त्यालगत, एका शेताच्या कडेला गेलं. समोर भात, मागे केळी, आणि पायाशी लाल मातीचं मैदान. तरी माझ्या अंगावर चढायला शिकलेली मुलं आज खऱ्या जहाजाची शिडं चढवतात. मी मात्र होते तिथेच राहिले. शिकवणाऱ्यांचं बहुधा असंच होतं.

खरं म्हणजे मला डोलकाठी व्हायचंच नव्हतं. मी पश्चिमेकडच्या डोंगरातला साग. जवळच्याच एका गावच्या देवळाला नवा ध्वजस्तंभ हवा होता, म्हणून मला तोडून लॉरीवर घालून आणलं. वेशीवर नादस्वर वाजलं, अंगाला हळद लावली, येणारे-जाणारे मला हात लावून डोळ्यांना लावू लागले. झाड असताना मला कोणी असा नमस्कार केला नव्हता. मला ते आवडलं, हे कबूल करते.

मग आला सुतार. म्हातारा, तोंडात विडा. त्याने मला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाकडी हातोडीने ठोकत ठोकत कान लावला आणि मधल्या एका गाठीपाशी थांबला. पुन्हा ठोकलं, विडा थुंकला आणि मान हलवली. गाठीच्या आत पोकळ आवाज येत होता. देवाला पोकळ लाकूड चालत नाही. झालं, सकाळी हळद लागली आणि संध्याकाळपर्यंत मी देवळाच्या मागच्या भिंतीला टेकलेला एक ओंडका होते.

त्या भिंतीशी मी बराच काळ पडून होते. बायका माझ्यावर उडदाचे पापड वाळत घालीत, म्हातारे माझ्यावर बसून पत्ते कुटत. ज्यांनी नमस्कार केला होता तेच आता चपलेची माती माझ्यावर घासत. मला राग नाही. माणूस आधी विचारतो ‘हे कशासाठी आहे’, आणि मग ठरवतो नमस्कार करायचा की चप्पल घासायची.

अशात सेतुमाधव आले. तंजावूरच्या जुन्या मराठी घरातले, पण उमेदीची वर्षं गेली सारी नौदलात. शिडाच्या जहाजावर ते दोरांचे आणि शिडांचे मुख्य होते. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांना फिल्टर कॉफी मिळाली, झोपाळा मिळाला, आणि महिनाभरात वेड लागायची पाळी आली. नागपट्टणमच्या एका संस्थेचं तीन डोलकाठ्यांचं शिकाऊ जहाज होतं. त्यावर जाणाऱ्या मुलांना आधी जमिनीवर शिकवायचं काम त्यांनी मागून घेतलं. आता जमिनीवर जहाज हवं, म्हणजे निदान एक डोलकाठी हवी. देवळाच्या व्यवस्थापकाने प्रामाणिकपणे माझी गाठ दाखवली. सेतुमाधवांनी तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, “देवाला चालत नाही ना? वाऱ्याला चालेल.”

एवढं एकच वाक्य. पण नाकारल्यावर कोणी हात फिरवला की तो लक्षात राहतो.

त्यांनी मला शेताच्या कडेला उभं केलं, पायाशी सिमेंट ओतलं, चहूबाजूंनी तारांनी ताणून बांधलं. वर एक आडवी काठी बसवली, तिच्यावरून शीड सोडायचं. पहिले काही दिवस आसपासचे शेतकरी मोबाइलचा टॉवर समजून येत आणि कंपनी भाडं किती देते ते विचारून जात.

शीड शिवलं राममूर्तींनी. हे गृहस्थही मराठीच, पण कितव्या तरी पिढीपासून इथलेच. त्यांचा धंदा रथाला लटकणाऱ्या रंगीत कापडी झालरी शिवण्याचा. आसपासच्या कितीतरी देवळांचे रथ त्यांच्या हातचे कपडे नेसतात. जाड कॅनव्हास त्यांनी पहिल्यांदाच हातात धरला, पण टाका असा घातला की सेतुमाधवांना खोड काढता येईना. फक्त शिडाच्या कडेने राममूर्तींनी तांबडी किनार लावली होती. जहाजाच्या शिडाला किनार नसते, असं सेतुमाधवांनी सांगितलं. राममूर्ती म्हणाले, बिनकिनारीचं कापड मी उंच चढू देत नाही. किनार राहिली.

याच राममूर्तींची मुलगी रम्या. कॉलेज संपवून वडिलांबरोबर झालरी शिवत होती. शिडाचं माप घ्यायला आली, वर पाहिलं, आणि माप विसरून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती शिकाऊ मुलांच्या रांगेत होती.

आता या मुलांबद्दल सांगायला हवं. कोणी तंजावूरची, कोणी पापनाशमची. पहिल्या दिवशी सगळी वर पाहतात. ज्याला भीती वाटते तो लगेच माझ्या पायाकडे पाहून ‘पाया पक्का आहे ना सर’ असं विचारतो, आणि ज्याला जास्त भीती वाटते तो काहीच विचारत नाही. चढायचं कसं, पट्टा कुठे अडकवायचा, आडव्या काठीवर ओणवं होऊन शीड कसं गुंडाळायचं, हे सगळं ती भराभर शिकत. दोर ओढण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सेतुमाधव अभिमानाने सांगत की एवढ्या वर्षांत असे ओढणारे हात आपण पाहिले नाहीत.

अडत होतं ते सोडण्यापाशी.

याचं कारण शेजारच्या, मला नाकारणाऱ्या देवळाच्या गावात होतं. तिथे दरवर्षी तमिळ चैत्रात रथ ओढतात. इथे त्याला तेर म्हणतात, आणि त्याच्या जाडजूड दोराला वडम. वडमाला एकदा हात लावला की रथ गावाला वळसा घालून परत आपल्या जागेवर, म्हणजे निलैला, येईपर्यंत हात काढायचा नाही, हा त्या पंचक्रोशीचा रिवाज. मध्येच सोडला तर ओढल्याचं पुण्य गेलं म्हणतात. ही मुलं चालायला लागल्यापासून वडमाला लोंबकळलेली. ओढणं त्यांच्या रक्तात होतं, सोडणं नव्हतं. सेतुमाधव ‘लेट गो’ म्हणून ओरडत, आणि पोरं एकमेकांकडे पाहत अजून घट्ट धरत. वर पुन्हा रथाच्या सवयीने सगळी मिळून हुकूमच मोठ्याने म्हणत, म्हणजे पुढचा हुकूम कोणाला ऐकू येत नसे.

सेतुमाधवांनी शिक्षा करून पाहिली. जो सोडणार नाही त्याने बाकीच्यांचं सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, आणि कॉफी होईपर्यंत दोर धरून उभं राहायचं. ती आनंदाने उभी राहत. पालथ्या घड्यावर पाणी. आणि एकट्या मुलांना नावं कशाला ठेवायची? कोणी दोर ओढतोय हे दिसलं आणि इथल्या माणसाने हात लावला नाही, असं मी पाहिलेलं नाही. एकदा पोस्टमन सायकल स्टँडला लावून येऊन ओढायला लागला होता.

रम्या मात्र सोडायला शिकली. दोर बोटांतून सरकू देता देता पुन्हा पकडणं तिला जमलं. कापड शिवणाऱ्याला ताण कळतो, असं सेतुमाधव म्हणत. तिला नुसतं जहाजावर जायचं नव्हतं. प्रत्येक तुकडीतून एकाला पहाऱ्याचा नायक करतात. आपल्या वेळेत तो बाकीच्यांना हुकूम देतो, जहाज त्याच्या शब्दावर चालतं. तिला ते हवं होतं. आणि ते तिला मिळायलाच हवं होतं, कारण घरातली अट तशी होती. राममूर्ती एकदा माझ्या पायाशी शीड सांधत बसले असताना त्यांनी ती तिला ऐकवली.

“दुसऱ्याच्या ओरडण्यावर दोर ओढायाचा असला तर गावांत तेर आहे की. त्याच्यासाठी समुद्र कां? नायक होऊन जात असलीस तर जा. नाही तर नक्को.”

 दोऱ्याला गाठ मारून रम्याने तो दाताने तोडला. बापलेकींचा स्वभाव एकच, हे मी तेव्हाच ओळखलं.

परीक्षेचा दिवस आला तो अग्निनक्षत्राच्या, म्हणजे इथल्या सर्वांत कडक दिवसांच्या उन्हात. गावचा रथ त्याच आठवड्यात ओढून झाला होता, मुलांच्या तळहातांवरचे फोड अजून ओले होते. जहाजाचे कप्तान गोपालकृष्ण स्वतः आले होते. शांत माणूस, प्रश्न कमी विचारणारा. खुर्ची दिली तर बसले नाहीत. राममूर्तीही आले, छत्री उघडून चिंचेखाली उभे राहिले. शिडाची शिवण बघायला आलोय, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

हुकूम रम्याचा होता. पापनाशमचा कार्तिक आडव्या काठीच्या टोकाला, पट्टा अडकवून वर. बाकीचे खाली दोराला. शीड खाली खेचून ताठ करायचं आणि पुन्हा सैल सोडून गुंडाळायचं, एवढीच परीक्षा. शीड खाली आलं, तांबडी किनार उन्हात चमकली, पोरांनी नेहमीसारखं मनापासून ओढलं.

आणि वारा उठला.

त्या दिवसांत दुपारी असा वारा अचानक येतो. आधी रस्त्यावरची धूळ उठते, मग केळीची पानं उलटी होतात, आणि तोवर तो येऊन पोहोचलेला असतो. शीड फुगलं. मी वाकले. जहाज असतं तर ते कलून थोडा भार घेतं. मी सिमेंटमध्ये रोवलेली, मला कलायला जागा कुठली? माझ्या गाठीपाशी काहीतरी कुरकुरलं. म्हाताऱ्या सुताराने ऐकलेला तो पोकळ आवाज आता मला आतून ऐकू आला. मी घाबरले. खोटं कशाला सांगू? माझ्या टोकाला एक मुलगा पट्ट्याने बांधलेला होता. मी मोडले तर तोही माझ्याबरोबर खाली येणार होता.

रम्या ओरडली, लेट गो. सगळ्यांनी मोठ्याने ‘लेट गो’ म्हटलं आणि दोर घट्ट धरला.

शीड त्यांना फरफटत पुढे नेऊ लागलं तशी त्यांनी टाचा रोवल्या. चिंचेखालची छत्री जमिनीवर पडली. राममूर्ती धावत आले आणि त्यांनीही दोराला हात घातला. आणि मग, ज्या मुलीला सोडता येत होतं, जिने फक्त मागे उभं राहून बघायचं होतं, त्या रम्यानेही पुढे झेपावून तोच दोर धरला. अंगात भिनलेलं असं ऐन वेळी वर येतं.

त्या वेळात वर कोणीच पाहत नव्हतं. खाली मला फक्त वाकलेल्या पाठी दिसत होत्या. मी तडकले. लाकडाची एक लांब ढलपी उडाली. वरून कार्तिकने, आश्चर्य म्हणजे न किंचाळता, हाक दिली की तडा त्याच्या खाली आहे, गाठीपाशी आहे, वाढतोय.

ती हाक ऐकून रम्याने वर पाहिलं. दोरावरचे हात काढले. दोन पावलं मागे झाली. पुन्हा तोच हुकूम दिला असता तर पुन्हा तोच घोळ झाला असता, हे तिला कळलं असावं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि रथापुढे दरवर्षी एकदाच देतात तशी ललकारी दिली.

“तेर निलैला आलं! वडम सोडाऽ!”

हात सुटले. एका क्षणात, सगळेच्या सगळे. काही जण तर दोर सोडून सवयीने हात जोडून उभे राहिले. शीड मोकळं होऊन वाऱ्यावर फडफडलं, मधोमध टरकन फाटलं, आणि माझ्यावरचा भार उतरला. मी तडकलेलीच उभी राहिले. कार्तिक एकेक पाय ठेवत खाली आला आणि मातीत बसला. 

मला वाटलं, झालं, आता ही नायक. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. पण गोपालकृष्ण कप्तानांनी संध्याकाळी नाव घेतलं ते कार्तिकचं. टोकाला लटकत असताना ज्याला जे दिसलं ते नीट सांगता आलं, तो पहारा सांभाळेल, असं त्यांचं म्हणणं. रम्याला त्यांनी जवळ बोलावलं आणि तिने शोधलेला हुकूम आपल्याला सुचला नसता, हे सगळ्यांसमोर कबूल केलं. मग हळूच विचारलं, “पण तू दोर धरलास तेव्हा वर कोण पाहत होतं?”

 या सफरीत ती कार्तिकच्या हाताखाली येईल, पुढचं पुढे पाहू, एवढं सांगून ते गाडीत बसले. कार्तिकची अवस्था तर विचारू नका. जिने जीव वाचवला तिलाच हुकूम द्यायचा, म्हणून तो तिच्यासमोरून चपला न घालताच निघून गेला.

उन्हं उतरल्यावर मैदानात तिघंच उरली. सेतुमाधव माझ्या तड्यावर बोट फिरवत होते. राममूर्ती फाटलेलं शीड घडी घालत होते, आणि रम्या त्याचं दुसरं टोक धरून उभी होती. सेतुमाधवांनी घसा खाकरला आणि मुलीला पाठवणार का, असं विचारलं. राममूर्ती घडी घालतच राहिले. मग रम्याच म्हणाली, “मीं नाही जात अप्पा. तुम्हीं म्हटलेलं आठवण आहे मज.”

राममूर्तींनी शीड खाली ठेवलं. आपले तळहात उलटे-सुलटे करून पाहिले. दोराने दोन्हींवर लाल वळ उठले होते.

“तूं सोडा म्हटलीस,” ते म्हणाले. “मीं सोडलों कां नाही?”

“सोडलांत.”

“अस्के जण सोडले. मींही सोडलों. निलैला आल्यावर वडमाला परत हात लावतात काय गं?”

रम्याने मान हलवली. लावत नाहीत. वर्षभर लावत नाहीत.

“मग जा,” राममूर्ती म्हणाले, आणि खाली बसून शिडाची तांबडी किनार उसवू लागले. फाटलेल्या कापडातून तीच तेवढी धड निघाली होती. ती गुंडाळून त्यांनी रम्याच्या हातात दिली, आणि जहाजावर कोणी किनार लावू देत नसतील तर कंबरेला बांध, पण बिनकिनारीची उंच चढू नकोस, असं बजावलं. सेतुमाधव एवढ्या वर्षांचे खलाशी. पण ते तोंड फिरवून भाताकडे बघत उभे राहिले.

रम्या गेली. मला उतरवलं. माझ्या जागी आता लोखंडी खांब आहे, सरळसोट, गाठ नसलेला. तो चांगला आहे. वाऱ्यात कुरकुरत नाही म्हणून पोरांना तो आवडतो.

माझा तडकलेला भाग जळणात गेला. पण गाठीच्या खालचं लाकूड निब्बर होतं, आणि देवळाला नेमकं तसं लाकूड हवं होतं. रथाच्या चाकाखाली सरकवायला तिरक्या ठोकळ्या लागतात. रथ वळवायचा तो त्यांनीच आणि थांबवायचा तोही त्यांनीच. त्याच म्हाताऱ्या सुताराने मला पुन्हा ठोकून कान लावला. या वेळी त्याने मान हलवली नाही. ध्वजस्तंभ म्हणून जिला नाकारलं, ती आता चाकाखाली देवाच्या कामाला आहे. मी कुठे उभं राहावं याबद्दल माझं कोणी ऐकलं नाही, पण तक्रार करायला मला जागा उरलेली नाही.

यंदाच्या चैत्रात रम्या सुट्टीवर आली होती. रापलेली, केस आखूड, कंबरेला फिकी पडलेली तांबडी पट्टी. ओढणाऱ्यांच्या गर्दीतून राममूर्तींनी आणि सगळ्या मैत्रिणींनी तिला हाका मारल्या. ती गेली नाही. हात पाठीमागे बांधून चाकाजवळ उभी राहिली आणि पूर्ण वेळ वर कळसाकडे, खाली चाकाकडे, पुन्हा वर, असं बघत राहिली. शेवटच्या वळणावर मला चाकाखाली लोटलं. एवढा थोरला रथ करकरत माझ्यावर आला आणि थांबला. निलै आलं. ललकारी उठायच्या आधीच, तिच्या ओठांतल्या ओठांत ‘सोडा’ हा शब्द आलेला मी ऐकला.

पुढच्या वर्षी रथाला आलात तर चाकाशी जरा वाकून बघा. तेलाने काळी पडलेली, एका कडेला चिरलेली ठोकळी दिसेल, ती मी. नमस्कार नको, तो मला एकदा करून झालेला आहे. फक्त ललकारी ऐकू आली की दोरावरचे हात काढा. तुम्ही धरून ठेवलंत तर सगळा भार माझ्यावर येतो.